हवापालटासाठी डोंबिवली

सांगलीत आम्ही सात-आठ जणी रोज संध्याकाळी एकत्र फिरायला जातो. दरवर्षी त्यांतली कुणी ना कुणी परदेशी जाऊन येते आणि मग बाकीच्यांना दोन महिने फोटो बघावे लागतात. एकीने स्वित्झर्लंडचा बर्फ दाखवला, एकीने दुबईची इमारत, एकीने बालीतल्या हत्तीशेजारी उभं राहून हत्तीपेक्षा जास्त जागा घेतली. या वर्षी माझी पाळी होती. मी डोंबिवलीला जाऊन आले. पाच दिवसांचा दौरा होता आणि त्यातला बराचसा वेळ मी एका कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी उभी होते. फोटो फारसे नाहीत, कारण वासाचा फोटो निघत नाही. म्हणून लिहून काढते आहे.

शनिवार: कल्याण, मग टिटवाळा

"चार दिवस ये ताई, तेवढाच हवापालट," असं बाळू फोनवर म्हणाला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बाळू म्हणजे माझा धाकटा भाऊ, वय त्रेसष्ट. त्याची सगळी नोकरी डोंबिवलीच्या एका कारखान्यात झाली. हवापालटासाठी माणसं महाबळेश्वरला जातात, पन्हाळ्याला जातात. डोंबिवलीला बोलावलेली बहुधा मी पहिलीच.

सकाळी कल्याणला उतरले. बाळू फलाटावर हजर होता. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. त्या पिशवीत दोन किलो कांदा-लसूण मसाला होता आणि त्याची पुडी कराडच्या आसपास कधीतरी फुटली होती. टिटवाळ्याच्या गाडीत समोरच्या बाईंनी नाकाला पदर लावला. त्यांच्या शेजारचे गृहस्थ तीनदा शिंकले आणि उठून दुसरीकडे जाऊन बसले. बाळू ती पिशवी मांडीवर घेऊन शांत बसला होता. टिटवाळा यायच्या जरा आधी त्याने विचारलं, "यात काय आणलंयस गं? जड आहे."

"मसाला. पुडी फुटलीय."

"अरे बापरे. मग वास येत असेल ना?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो खिडकीबाहेरच्या नव्या इमारती मोजायला लागला. "घरी बोलू," म्हणाला.

टिटवाळ्यात म्हणे पूर्वी गणपतीच्या देवळासाठीच लोक यायचे. आता राहायला येतात. बाळूची इमारत इतकी नवी आहे की लिफ्टच्या आतलं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. माझी भावजय शैला हिने दार उघडलं आणि नमस्काराला वाकण्याआधीच शिंकली. "वन्सं, मसाला का?" एवढं विचारून तिने पिशवी परस्पर गॅलरीत नेऊन ठेवली.

चहा झाल्यावर बाळूने सगळं सांगितलं. त्याच्या कारखान्यात पत्र्याचे डबे होतात, तुपाचे आणि बिस्किटांचे. पत्र्यावर रंग चढवतात आणि तो भट्टीत वाळवतात. रंगात थिनर असतं. भट्टीत थिनर उडतं आणि चिमणीतून बाहेर पडतं, त्याचा उग्र वास. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून जुनं आगरी गाव आहे. तिथल्या हिराबाई नावाच्या एका बाईंनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. शेवटी सरकारी कार्यालयातून हुकूम आला, की कारखान्याच्या जबाबदार माणसाने रोज सकाळी भिंतीपाशी उभं राहून वास येतो की नाही ते वहीत लिहावं. जबाबदार माणूस म्हणजे भट्टीचा सुपरवायझर, म्हणजे बाळू.

"मी रोज लिहायचो," बाळू म्हणाला. "वास नाही. वास नाही. वास नाही. ती बाई भिंतीपलीकडून ओरडायची आणि मी तिला तोंडावर सांगायचो, मावशी, उगाच खोटं बोलू नका."

मग तो निवृत्त झाला आणि सर्दी हटत नाही म्हणून डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी एकामागून एक पाच बाटल्या त्याच्या नाकाखाली धरल्या. कापूर, लवंग, हिंग, रॉकेल आणि काहीतरी. "मला वाटलं, रिकाम्या आहेत." नाक गेलं होतं. आणि डॉक्टरांच्या मते कालपरवा नव्हे, दहा-बारा वर्षं तरी झाली होती.

मला फार वाईट वाटलं. लहानपणी हा पोरगा वासावरून पेरूचं झाड शोधून काढायचा. दुसऱ्याच्या परसातलं, तरी शोधायचा.

तर त्या डॉक्टरांकडून तो घरी न येता कारखान्यात गेला आणि शेठच्या मागे लागला. म्हणाला, थिनर पेटतं ना? मग जे पेटतं ते वर कशाला सोडायचं? ते पकडून जाळू आणि त्याची आच परत भट्टीलाच देऊ. वासही जाईल, गॅसही कमी लागेल. शेठला पटायला एक वर्ष लागलं, मग त्याने या कामासाठी बाळूलाच परत घेतलं, आणि यंत्र बनायला लागली दोन वर्षं. गेले दोन महिने ते चालू होतं. आता बुधवारी कार्यालयातून साहेब यायचे होते. पंचांसमक्ष भिंतीपाशी वास तपासणार आणि पंचनामा करणार. वास आला तर भट्टी बंद. शेठने आधीच सांगून टाकलं होतं की तसं झालं तर तो यंत्र भंगारात घालून भट्टी गुजरातला हलवेल.

"आणि यंत्र चालतंय का?" मी विचारलं.

"मीटरवर चालतंय. भिंतीपाशी चालतंय का, ते मला कसं कळणार?"

"शैला सांगेल की."

"मी तीस वर्षं डोंबिवलीत राहिले वन्सं," शैला आतून म्हणाली. "मला तेव्हाही येत नव्हता. सवय होते."

तर असं होतं. बाळूला माझं नाक हवं होतं. माझ्या नाकाची आमच्या घरात थोडी ख्याती आहे. माझे यजमान हळदीचे व्यापारी होते. सौद्याला जाण्याआधी ते नमुना माझ्यापुढे धरायचे आणि मी भेसळ सांगायची. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, पण मार्केट यार्डात मला मान होता तो नाकाचा. बाळूने एकच अट घातली. नाक गेल्याचं कारखान्यात कुणाला माहीत नाही, ते बोलायचं नाही. मी बरं म्हटलं. हवापालट म्हणजे काय ते मला आता कळलं होतं.

रविवार: वागळे इस्टेट

नाक ताजं राहावं म्हणून मला सोमवारपर्यंत डोंबिवलीला न्यायचं नव्हतं. पण यंत्राचा मुख्य भाग बनला होता ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये, आणि तो बनवणाऱ्या कदम मिस्त्रींना भेटल्याशिवाय बाळूला राहवेना. वाटेत डोंबिवली स्टेशन लागलं तेव्हा त्याने मला नाकाला रुमाल लावायला सांगितला. मी लावला. समोर बसलेल्या एका डोंबिवलीकरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरी जाऊन चहाला नावं ठेवली होती.

वागळे इस्टेटचे मोठमोठे कारखाने आता काचेच्या कचेऱ्या झाले आहेत. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं-पोरी तिथे शिरतात आणि दुपारी थंड कॉफी हातात घेऊन बाहेर येतात. पण मागच्या गल्लीत शिरलं की अजून गाळे आहेत. कदमांचा गाळा आमच्या स्वयंपाकघराएवढा. त्यात चार माणसं, दोन वेल्डिंग यंत्रं आणि एक मांजर. रविवार असूनही काम चालू होतं. मी विचारलं तर कदम म्हणाले, "सुट्टी आपल्याला सोसत नाय, ताई. अंग दुखतं."

त्यांनी मला बाळूच्या यंत्रातल्या, थिनर जाळणाऱ्या पेटीची धाकटी बहीण दाखवली, दुसऱ्या कुणासाठी बनत होती ती. आत विटांचं अस्तर, एका तोंडाला पंखा, दुसऱ्या तोंडातून आच परत भट्टीकडे.

"धूर म्हणजे काय माहितेय?" कदम म्हणाले. "अर्धवट राहिलेलं जळण. पूर्ण जाळा, धूर उरतच नाय. पण लोकांना घाई."

हे वाक्य मी तीस वर्षं वर्गात वेगळ्या शब्दांत सांगत आले आणि एकाही मुलाच्या लक्षात राहिलं नाही. कदमांनी ते हातात पान्हा धरून सांगितलं, हा फरक असावा.

मला यात नवल वाटलं नाही हेही नोंदवते. आमच्याकडे गुऱ्हाळावर उसाचा रस काढला की उरलेलं चिपाड त्याच रसाच्या कढईखाली जळतं. उसानेच उसाचा गूळ करायचा. बाळू पत्र्याच्या रंगाने पत्रा वाळवत होता. मी तसं म्हटल्यावर बाळू खूश झाला. कदम म्हणाले, "पण गुऱ्हाळाला वास चांगला येतो."

दुपारी तिघांनी मिसळ खाल्ली. ठाण्यात तिला तिखट म्हणतात. पाहुण्याने वाद घालू नये. परतताना कल्याणला भाजीसाठी उतरलो तर मी वाट चुकून मिरच्यांच्या गोदामासमोर जाऊन उभी राहिले. बाळू धावत आला आणि माझा दंड धरून मला असं ओढून नेलं की आजूबाजूचे हमाल थांबले. "नाक!" एवढंच तो म्हणाला. सत्तरीला टेकलेल्या बाईला भर बाजारात कुणी असं ओढलं तर आमच्याकडे पोलिसांना बोलावतील.

सोमवार: डोंबिवली, भिंतीची पलीकडली बाजू

बाळूने मला गावाच्या बाजूने भिंतीपाशी सोडलं आणि स्वतः फाटकाने आत गेला. मला तासातासाला वास घ्यायचा होता आणि वहीत लिहायचं होतं.

डोंबिवलीचा वास एक नाही, हे आधी समजून घ्यावं लागलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर औषधाच्या बाटलीसारखा होता. गटारापाशी गोडसर. वारा फिरला की ओल्या लोकरीचा. हळदीच्या नमुन्यातून मैदा वेगळा काढावा तसं मी सगळं बाजूला सारत गेले आणि थिनर शोधत राहिले. नऊला नाही. दहाला नाही. अकराच्या सुमारास मी भिंतीला नाक जवळजवळ टेकवून उभी होते, तेव्हा मागून आवाज आला.

"कोन गो तू? भितीला नाक लावून काय करतंस?"

हिरवी नऊवारी, हातात विळी, कपाळावर आठी. मी म्हटलं, "वास घेतेय."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मी पन तेच करतंय. इतकी वर्सं. ये, बस."

याच हिराबाई. त्यांच्या मुलांनी पुढे तीन मजली बंगला बांधलाय, जिन्याला काळा दगड, वर शहरी स्वयंपाकघर. हिराबाई मात्र मागच्या पडवीत चुलीवर रांधतात. "वरच्या गॅसवं भाकर फुगतंय, पन चव नाय येत," त्यांचं म्हणणं. चूल आणि कारखान्याची भिंत यांच्यात बारा पावलं. मी मोजली.

त्यांनी मला तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण वाढलं. "आज सोमवार म्हून, नायतर तुला सुकट घातली असती." मी मासे खात नाही हे मी सांगितलं नाही; सोमवारने वाचवलं होतं. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, ती थापावी लागते, तिला मन लावावं लागतं. ही तांदळाची इतकी मऊ, की हातात घेतली तर घडी पडते.

"मी लगीन करून आले तवा हितं भाताची शेतां व्हती," हिराबाई सांगत होत्या. "मंग कारखानं आलं. येऊ दे म्हटलं, पोरांना काम मिलेल. पन हा वास! डोलं चुरचुरतात. नि तो आतला सुपरवायजर, बुटका. रोज सकाली भितीशी येयाचा, नाक वर करायचा नि वहीत लिवायचा, वास नाय. मी हितं खोकतंय नि तो लिवतंय, वास नाय! वर मलाच खोटी म्हनतो. देव बगून घेल त्याला."

तो बुटका माझा भाऊ आहे हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मला लाज वाटत होती. पण भाकरी मऊ होती, मी खात राहिले.

गावातल्या बाकीच्यांना आता वास जाणवत नाही, हे हिराबाईच म्हणाल्या. त्यांनाच का जाणवतो? मला वाटतं, त्यांनी त्या वासाशी कधी समझोता केला नाही, रोज भांडत राहिल्या, म्हणून सवय झाली नाही. विज्ञानात याला आधार नाही. हिराबाईंना विज्ञानाची गरज नाही.

"दोन म्हयनं झालं, कमी हाय," त्या म्हणाल्या. "पन दुपारचं येतं. जेवाला बसलं का येतं. आत्ता बग."

मी बघत राहिले. साडेबाराला, भाकरीचा शेवटचा तुकडा हातात असताना, तो आला. थिनर. शंकाच नको. पंधरा मिनिटं राहिला आणि गेला.

संध्याकाळी मी बाळूला सांगितलं. रात्रीचं जेवण त्याने वाढलं तेवढं पानातच ठेवलं आणि शैलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने काढला नाही.

मंगळवार: साडेबारा

कुठलंही यंत्र रोज साडेबाराला बिघडत नाही. साडेबाराला फक्त माणसांना भूक लागते. हे मी बाळूला सकाळी म्हटलं आणि त्याने मला आत न्यायचं ठरवलं. फाटकावर त्याने माझी ओळख "कन्सल्टंट" अशी करून दिली. माझ्या पायात रबरी चपला होत्या, तरी वॉचमनने सलाम ठोकला.

यंत्र मी प्रथमच पाहिलं. दिसायला काही नाही. भट्टीतून एक जाड नळ निघतो, तो विटांच्या पेटीत जातो, पेटीतून दुसरा नळ परत भट्टीला येतो. पेटीला काचेची बारीक खिडकी आहे. तिच्यातून बाळूने मला ज्योत दाखवली, निळसर आणि बारीक थरथरणारी. इतकी वर्षं गावाच्या डोळ्यांत जात होतं ते हे. मी खिडकीपाशी जरा जास्त वेळ उभी राहिले. मला आवडलं ते.

आम्ही एका पिंपामागे स्टूल टाकून बसलो. सव्वाबाराला भट्टीवरचा लालजी उठला. हा आझमगडचा, वीस वर्षं या भट्टीवर. त्याने हातमोजे चढवले, पहिल्या नळावर तपासणीसाठी ठेवलेली झडप उघडली, आणि आत तारेच्या जाळीवर एकावर एक स्टीलचे डबे रचायला लागला. दुसऱ्या विभागातली माणसंही आपापले डबे घेऊन आली. रांग होती. शिस्तीची रांग, पुढे डाळवाले, मागे भाजीवाले.

पहिला नळ म्हणजे पेटीच्या अलीकडचा. त्यात न जळलेलं थिनर असतं. झडप उघडी, म्हणजे ते सगळं बाहेर, छताच्या फटीतून थेट हिराबाईंच्या चुलीपाशी.

बाळू पिंपामागून उठला तेव्हा पांढराफटक पडला होता. "लालजी! ये क्या कर रहे हो?"

"खाना गरम कर रहे हैं, साहब," लालजी शांतपणे म्हणाला. "पहले तो भट्टी के ऊपर रखते थे. आपने नया पाइप लगाया तो वहाँ जगह नहीं रही. ये अच्छा है, दस मिनट में हो जाता है."

"आणि ठिणगी पडली असती म्हणजे?"

लालजीने पुढचा डबा आत सरकवला. "दो महीने में तो नहीं पड़ी."

शेठला बोलावण्यात आलं. त्याने आदल्या आठवड्यात डबे गरम करायला नवीन गॅस शेगडी घेण्यास नकार दिला होता, त्यामुळे तो फार ओरडू शकला नाही. कुणी म्हणालं डबे बंद करा. रांगेतून कुरबुर उठली. लालजी म्हणाला, ठंडा खाना खाकर आगे की शिफ्ट नहीं होगी. मला त्याचं खरं वाटलं. आमच्या शाळेतसुद्धा प्रयोगशाळेतल्या बर्नरवर शिक्षकांचे डबे गरम व्हायचे, आणि त्या शिक्षकांत मी होते. हे मी तिथे बोलून दाखवलं नाही.

मी एवढंच विचारलं, "पेटीच्या पलीकडचा नळ गरम नाही का?"

बाळूने माझ्याकडे बघितलं. तिथली आच स्वच्छ असते, वास जळून गेलेला असतो. त्याने कदमांना फोन लावला. संध्याकाळी पाचला कदम वागळेहून टेम्पोत एक लोखंडी कपाट घेऊन आले, दुसऱ्या नळाला बाहेरून मिठी मारेल असं, आत चार खण. बसवून, जोडून, झडपेला कुलूप घालून आठ वाजले. त्या यंत्रातून भट्टीखेरीज दुसऱ्या कशाला पहिल्यांदा आच मिळाली ती लालजीच्या डाळीला. तो म्हणाला, पहले से अच्छी गरम हुई.

बुधवार: पंचनामा

साहेब अकराला आले. तरुण होते, घामेजलेले, हातात फाइल. त्यांनी तीनदा वास तपासायचं ठरवलं: साडेअकरा, साडेबारा आणि एक. पंच म्हणून गावातले चौघे आणि हिराबाई. हिराबाई पदराला हात पुसत आल्या, चुलीवर काहीतरी ठेवून. सहावी मी, बाहेरचं नाक.

साहेबांनी प्रत्येकाचं नाव विचारलं. माझ्यापाशी थांबले. "आपलं कारखान्यातल्या कुणाशी नातं?"

खोटं बोलता आलं असतं. "बाळकृष्ण माझा भाऊ," मी म्हटलं.

"मग आपल्याला पंच नाही होता येणार, मॅडम."

चारशे किलोमीटर आले, चार दिवस नाकाला जपलं, मिरच्यांपासून ओढली गेले, आणि अर्ध्या मिनिटात बाद झाले. पण त्याहून वाईट म्हणजे हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं. "माजी भाकर खाल्लीस," त्या म्हणाल्या, "नि बोलली नाय गो." मी मान खाली घातली.

साडेअकराला बाकीच्या चार पंचांनी वास नाही असं सांगितलं. त्यांना तो दहा वर्षांपूर्वीही येत नव्हता. सगळ्यांचं लक्ष हिराबाईंकडे. त्या भिंतीपाशी गेल्या, उभ्या राहिल्या, परत आल्या. "नाय." साडेबाराला पुन्हा. बाळू फाटकाजवळ उभा होता आणि त्याची बोटं शर्टाच्या बटणाशी खेळत होती. आत डबे गरम होत असणार. हिराबाई फार वेळ उभ्या राहिल्या. "नाय." एकला तिसऱ्यांदा. "नाय येत."

साहेबांनी कागद पुढे केला. "मग करा सही."

"नाय करनार."

"अहो, पण वास नाही म्हणताय ना?"

"वास नाय, ह्या खरं. पन हितं वरती कारखान्याकडून त्याची सही हाय," त्यांनी बाळूकडे बोट दाखवलं. "त्याने इतकी वर्सं खोटं लिवलं. वास नाय, वास नाय. आता मी त्याच्याखाली तेच लिवू? मंग मी पन खोटीच ठरन ना?"

साहेब घड्याळाकडे बघायला लागले. शेठ बाळूकडे बघायला लागला. मी बाळूला चांगली ओळखते, तो आता काय करणार ते मला दिसलं आणि मला भीती वाटली.

तो हिराबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "मावशी, मला वास येत नाही."

"ह्या तू रोजच लिवतंस."

"तसं नाही. कसलाच येत नाही. नाक गेलंय माझं, याच भट्टीवर. दहा-बारा वर्षं झाली आणि मला कळलंच नाही. मी भिंतीशी यायचो, मला खरंच काही यायचं नाही, म्हणून 'वास नाही' लिहायचो. तुम्ही ओरडायचात तर वाटायचं, बाई उगाच भांडते. तुम्ही खऱ्या होतात. मी तुम्हाला खोटं म्हटलं. तेवढ्यासाठी हे यंत्र केलं. आणि ते चालतंय का हे आत्ताही मला तुम्हीच सांगायचंय."

शेठचं तोंड उघडंच राहिलं. साहेबांनी पेन खाली केलं. हिराबाई बाळूकडे बघत होत्या, आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली.

"म्हंजे इतकी वर्सं मी आंधल्याला रंग दाखवत व्हते," त्या म्हणाल्या. "बायको सांभालतंय ना रं नीट? गॅस-बिस उगडा ऱ्हायला तर?"

"सांभाळते."

"दे पेन."

त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. साहेब कागद फाइलमध्ये घालत होते, तेवढ्यात हिराबाईंनी हात वर केला.

"थांब."

त्यांनी नाक वर केलं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. "येतंय," त्या म्हणाल्या.

बाळूने भिंतीला हात टेकला. शेठ म्हणाला, "अरे देवा." साहेबांनी कागद परत बाहेर काढला. मीही नाक वर केलं, बाद झालेलं असलं तरी, आणि मला कळलं. पण माझ्याआधी हिराबाईंना कळलं होतं.

"गो बाय, माज्या वाकट्या!" असं ओरडून त्या पदर खोचत पडवीकडे धावल्या. बारा पावलं त्यांनी पाचात घातली. पाठोपाठ तव्याचा आणि शिव्यांचा आवाज आला.

"वाकट्या म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"सुकी मासळी," बाळू म्हणाला. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "ताई, खरंच?"

"खरंच. पार करपल्यात."

साहेब प्रामाणिक होते. पंचनाम्यात काही राहून जाऊ नये म्हणून त्यांनी खाली एक ओळ घातली: दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी भिंतीलगत करपलेल्या मासळीचा वास आढळला, भट्टीशी संबंध नाही. इतक्या वर्षांत त्याच्या सहीच्या कागदावर वास पहिल्यांदाच नोंदला गेला होता. बाळूने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि कागद परत देऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. साहेबांचं तिकडे लक्ष जाऊ नये म्हणून मी त्यांना चहा घेणार का विचारलं.